गोव्यातून घाटावर आलेल्या पणजोबांचे मूळ गाव कसे शोधावे?

खानापूरकर (प्रश्न)

आमचे कुटुंब बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातले, कॅथलिक, घरात मराठी आणि थोडी कोकणी बोलणारे. आडनाव फर्नांडिस. माझे पणजोबा गोव्यातून घाटावर आले एवढे घरातल्या सर्वांना ठाऊक आहे, पण गोव्यातल्या कोणत्या गावातून, हे सांगणारे आता कोणी उरले नाही. ते मुंबईहून बोटीवर नोकरीला जात असत आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात एकदा गेले ते परतलेच नाहीत. पणजीचे दफन बेळगावात झाले, मात्र तिची कबर आज दाखवता येत नाही. आजोबांचे लग्न १९२० च्या दशकात बेळगावच्याच चर्चमध्ये लागले. घरात जुना कागद एकही नाही. इंटरनेटवर आडनाव घालून शोधले तर इतकी नावे समोर येतात की त्यांतून आपला माणूस ओळखणे अशक्य होते. मूळ गाव कळावे आणि पणजोबांचे काय झाले ते समजावे, एवढीच इच्छा आहे. जाणकारांनी कृपया सांगावे की सुरुवात कोठून करावी.

कॅम्पवासी

आपण आडनावाचा माग सोडावा, ही माझी पहिली विनंती. गोव्यात धर्मांतराच्या वेळी पुष्कळ कुटुंबांना पाद्र्यांची किंवा पोर्तुगीज धर्मपित्यांची (बाप्तिस्म्याच्या वेळी पालक म्हणून उभ्या राहणाऱ्यांची) आडनावे मिळाली, त्यामुळे एकाच गावातल्या, एकमेकांशी रक्ताचे नाते नसलेल्या घरांचेही आडनाव फर्नांडिस असू शकते. माणूस पक्का ओळखता येतो तो आईवडिलांची नावे आणि गाव यांवरून. म्हणून ज्या नोंदीत ही माहिती एकत्र मिळेल ती आधी काढावी, आणि तुमच्या बाबतीत ती नोंद म्हणजे आजोबांचे लग्न.

चर्चच्या विवाह नोंदवहीत वधूवरांच्या आईवडिलांची नावे असतात, आणि दोघांचा बाप्तिस्मा कोणत्या पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीत) झाला हेही बहुधा लिहिलेले असते. शिवाय १९०८ च्या ईस्टरपासून लागू झालेल्या ‘ने तेमेरे’ या रोमच्या हुकमानुसार लग्न लागले की त्याची खबर बाप्तिस्मा झालेल्या पॅरिशला कळवायची आणि तिथल्या पाद्र्याने ती मूळ नोंदीच्या समासात लिहायची, असा नियम झाला. आजोबांचे लग्न या नियमानंतरचे असल्यामुळे दोन्ही ठिकाणच्या वह्या एकमेकींना दुजोरा देऊ शकतात.

लग्नाच्या नोंदीवरून आजोबांची बाप्तिस्म्याची नोंद गाठावी. ते खानापुरात जन्मले असतील तर ती इथेच मिळेल, पण पणजी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेली असेल तर ती गोव्यात असण्याची शक्यता धरून चालावे. पोर्तुगीज वळणाच्या वह्यांत बाळाच्या आजीआजोबांचीही नावे पुष्कळदा आढळतात, म्हणजे एका नोंदीत तीन पिढ्या हाती लागतात. धर्मपिता आणि धर्ममाता यांची नावेही उतरवून घ्यावीत, कारण ते बहुतेक वेळा जवळचे आप्त असतात आणि त्यांचे गाव हा आपल्या गावाचा पुरावा ठरतो.

एक प्रशासकीय गोष्ट ध्यानात ठेवावी. बेळगाव हा स्वतंत्र धर्मप्रांत (एका बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश) १९५३ मध्ये झाला आणि कारवार त्यातून १९७६ मध्ये वेगळा झाला, त्यामुळे आजोबांच्या काळातला वरच्या कार्यालयांचा पत्रव्यवहार बेळगावच्या बिशप हाऊसमध्ये असेलच असे नाही. मूळ वह्या मात्र सहसा त्या त्या चर्चमध्येच असतात. सरकारी दप्तराचेही तसेच आहे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी हा जिल्हा मुंबई राज्यात होता, म्हणून जुने कागद मुंबईच्या पुराभिलेखागारातही पाहावे लागतात. चंदगड तालुका तर तोपर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता आणि नंतर कोल्हापुरात गेला. पणजीचे कोणी नातलग त्या बाजूचे असतील तर हे उपयोगी पडेल.

जुनी दप्तरे

पणजीच्या कबरीविषयी लिहितो. कबर दिसत नाही याचा अर्थ दफनाची नोंद नाही असा होत नाही. आपल्याकडच्या बहुतेक कॅथलिक दफनभूमींत साध्या कबरी काही वर्षांनी पुन्हा उघडल्या जातात आणि आधीच्या अस्थी बाजूला ठेवून तीच जागा दुसऱ्यास दिली जाते. कायमची जागा विकत घेऊन वर दगड बसवणे थोड्याच कुटुंबांना परवडत असे. ज्या माऊलीचा नवरा समुद्रावरून परतला नाही, तिच्या कबरीवर लाकडी क्रूसच असणार, आणि तो आपल्या पावसात किती टिकणार? म्हणून दगड शोधण्यापेक्षा मृत्यूची नोंदवही पाहावी. तीत दिनांक, वय, नवऱ्याचे नाव आणि कधी कधी मूळ गावही असते.

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या प्रती आहेत. एन-३ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या संग्रहात बेळगाव छावणीही येते, त्यामुळे आपले लोक मोठ्या आशेने तिकडे वळतात. परंतु त्या नोंदी मुख्यतः युरोपीय आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या आहेत. तुमच्या पणजीसाठी त्यावर पैसे खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी नागरी मृत्यूनोंद मागावी. शहराची महानगरपालिका आणि कॅम्पचे कँटोन्मेंट बोर्ड ही दोन वेगळी कार्यालये आहेत. एका ठिकाणी नकार मिळाला तरी दुसरीकडे अर्ज करावा. मृत्यू १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीतला असेल तर नोंद त्रोटक असू शकते, कारण त्या महिन्यांत पाद्री आणि कारकून दोघांवरही कामाचा भार असह्य होता.

तारवटी

माझ्या घरातली माणसेही बोटीवर होती, म्हणून पणजोबांविषयी लिहिण्याचा अधिकार थोडासा आहे असे समजतो.

ब्रिटिश जहाजांवरच्या खलाशांचे करारपत्र प्रत्येक सफरीला होत असे आणि त्यात नाव, वय, जन्मठिकाण आणि आधीचे जहाज लिहीत. १८६३ ते १९३८ या काळातले यांपैकी सुमारे ७० टक्के कागद आज कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात आहेत. सुमारे १० टक्के लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजकडे आहेत, आणि ज्या वर्षांच्या शेवटी ५ येतो त्यांचे कागद ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयाकडे गेले. त्यांतल्या १९१५ च्या खलाशी याद्या नावाने शोधता येतील अशा रीतीने इंटरनेटवर विनामूल्य ठेवल्या आहेत. पणजोबांचा काळ नेमका तोच असल्यामुळे तिथे पाहणे अगत्याचे आहे. मात्र गोवेकर खलाशाच्या जन्मठिकाणापुढे नुसते ‘गोवा’ लिहिलेले पुष्कळदा आढळते, तेव्हा वय आणि हुद्दा जुळतो का हे तपासल्याशिवाय तो माणूस आपला मानू नये.

युद्धात समुद्रावर मरण आलेल्या आणि ज्यांना कबर नाही अशा दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक मुंबईत मशीद बंदर भागातल्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. त्यांची नावे युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावरही मिळतात. पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीची ‘पर्शिया’ ही बोट ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीट बेटाजवळ पाणतीराने (टॉर्पेडोने) बुडाली, त्यात तीनशेहून अधिक माणसे गेली आणि त्यांत गोवेकर खलाशी पुष्कळ होते. त्यामुळे आपल्या भागातली अनेक घरे हरवलेल्या माणसाचे नाव त्याच बोटीशी जोडतात. कागद मिळेपर्यंत तसे करू नये. बोटीवरचा माणूस परदेशी बंदरात तापानेही मरत असे, आणि त्याच्या दुःखालाही तितकाच मान मिळायला हवा.

मुंबईला उतरल्यावर गोव्याचे खलाशी धोबीतलाव भागातल्या आपापल्या कुडीत राहत. कूड म्हणजे गावाचा क्लब. ती गावनिहाय असे, सभासदांची वही ठेवली जाई आणि गावच्या चर्चच्या संताचा सण तिथेही साजरा होई. पणजोबा कोणत्या कुडीत उतरत किंवा घरात कोणता सण पाळत, हे वडीलधाऱ्यांना विचारून पाहावे.

खानापूरकर

सर्वांचा ऋणी आहे. काल आत्याला विचारले. कुडीचे नाव तिला आठवत नाही, पण तिच्या लहानपणी सप्टेंबरच्या अखेरीस घरात साव मिगेलच्या (संत मायकलच्या) नावाने गोडधोड होत असे आणि ‘ही सासऱ्यांच्या गावची चाल’ असे तिची आजी, म्हणजे माझी पणजी, सांगत असे. यावरून काही कळते का?

कॅम्पवासी

निश्चित कळते. साव मिगेलचा सण २९ सप्टेंबरला येतो आणि गोव्यातली हणजूण, ताळगाव ही गावे त्याच संताच्या चर्चची आहेत. गोव्याच्याच सासष्टी तालुक्यात ओर्ली येथेही त्याचे चर्च आहे. तरीही या गावांना लगेच पत्रे पाठवू नका. फक्त आडनाव आणि सण सांगून एखाद्या फादरना शंभर वर्षांच्या वह्या चाळायला लावणे योग्य नाही, आणि त्याला उत्तरही येत नाही. आधी बेळगावात आजोबांची विवाहनोंद मिळवा. अर्जात नाते, अंदाजे वर्ष आणि वधूचे माहेरचे नाव लिहा, स्वतःचे ओळखपत्र जोडा, आणि वही स्वतः हाताळू देण्याचा आग्रह न धरता उताऱ्याची मागणी करा. त्या उताऱ्यात आजोबांच्या बाप्तिस्म्याचे पॅरिश यांपैकीच एक निघाले तर तिथे पूर्ण नावांसह लिहावे. ते खानापूर निघाले तर इथली बाप्तिस्म्याची नोंद मागावी आणि तीत पणजोबांच्या नावापुढे कोणते गाव लिहिले आहे ते पाहावे. उतारा मिळाला की पोर्तुगीज किंवा लॅटिन मजकूर वाचून देण्यास मी मदत करीन.