पगार-बढती सोडून संशोधनानं तुम्हाला काय दिलं? (अनुभव धागा)

गेल्या आठवड्यात भाचीनं विचारलं, "मावशी, सात वर्षं घालवून पीएच.डी. केलीस, मिळालं काय गं?" माझ्या तोंडून पहिलं उत्तर निघालं ते इन्क्रिमेंटचं. मग माझीच मला लाज वाटली. म्हणून हा धागा काढतेय. प्रबंध, शोधनिबंध, टिपण, कशाबद्दलही लिहा. पदवी असलीच पाहिजे असं नाही. फक्त पगार, बढती आणि एपीआयचे (प्राध्यापकांच्या बढतीसाठी मोजले जाणारे) गुण सोडून काय हाती लागलं ते सांगा. (गाईडच्या तक्रारींसाठी वेगळा धागा काढू. तो दोन दिवसांत शंभरी गाठेल.)

माझ्यापासून सुरुवात करते. विषय होता पेशवाईतले वतनाचे तंटे. पुण्यातल्या पेशवे दफ्तरात बसून रुमाल (जुन्या कागदांची कापडात बांधलेली गाठोडी) सोडायचे, कागद वाचायचे, पुन्हा बांधायचे. मोडीत शब्द तोडून लिहिलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, आणि कारकून घाईत असला तर अर्धी अक्षरं आपणच ओळखायची. सुरुवातीला तारखासुद्धा लागत नव्हत्या. 'इहिदे सबैन मया व अलफ' म्हणजे एक, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे त्या काळच्या कागदांतल्या कालगणनेचं शुहूर सन ११७१, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १७७०-७१. हे पहिल्यांदा बोटांवर न मोजता जमलं त्या दिवशी मी एकटीच अमृततुल्यात जाऊन दोन चहा प्यायले.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. पाटीलकीच्या एका तंट्यात एक माणूस सरकारात रक्कम भरतो. कशापायी, तो शब्द मी 'हरकत' असा वाचला होता. शेवटची वेलांटी मला 'त' वाटत होती. हरकत घेतली म्हणून दंड झाला, म्हणजे हा हरला, असा अर्थ लावून मी बारा पानं लिहूनही टाकली. पलीकडच्या टेबलावर एक वयस्कर काका रोज यायचे, कुणाशी बोलायचे नाहीत. त्या दिवशी माझ्या कागदाकडे वाकून म्हणाले, "हरकत नव्हे, हरकी. जिंकला तो हरकी भरतो, हरला तो गुन्हेगारी." एवढं बोलून परत आपल्या रुमालात डोकं घातलं.

माझा हरलेला माणूस अडीचशे वर्षांनी जिंकला! बारा पानं रद्दीत गेली आणि मी घरी जाताना बसमध्ये खुळ्यासारखी हसत होते. भाचीला हे सांगायला हवं होतं.

तीन उल्लेखवाला

माझ्या पहिल्या निबंधाला नऊ वर्षांत ३ सायटेशन. त्यातली २ माझीच. तिसरं ब्राझीलमधल्या एका बाईंचं. कधी भेटलो नाही, पण त्यांनी माझा तक्ता क्रमांक ४ वापरलाय. नेमका तोच तक्ता रिव्ह्यूअरनं काढायला सांगितला होता.

मांडवाखालचा

मी जुन्नर तालुक्यातला, घरची द्राक्षबाग. पीएच.डी.चा सगळा डेटा खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचा (आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी), म्हणजे जीएमआरटीचा. घरापासून तासाच्या आतलं अंतर, पण दादांना (वडिलांना आम्ही दादा म्हणतो) मी नक्की काय करतो ते सांगणं मला कधी जमलं नाही. "तारे मोजतो" यावर विषय संपायचा.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, तिथं शाळांची पोरं आणि आसपासची गावं लोटतात. एका वर्षी दादांना घेऊन गेलो. ४५ मीटर व्यासाची एक तबकडी, अशा ३०. मी हायड्रोजन, २१ सेंटिमीटरच्या लहरी वगैरे सुरू केलं. दादा ऐकतच नव्हते. मान वर करून तबकडीकडे बघत होते. मग म्हणाले, "ही पत्र्याची नाही. तारांची जाळी आहे. आपल्या मांडवासारखी ताणलीय. वारा आरपार जावा म्हणून ना?"

मी गप्पच झालो. या दुर्बिणीच्या रचनेतली मोठी अक्कल नेमकी तीच आहे. लहर लांब असली की जाळीची बारीक भोकं तिला जाणवत नाहीत, तिच्या लेखी तो अख्खा आरसा. वाऱ्याला मात्र वाट मिळते, म्हणून सांगाडा हलका ठेवता येतो आणि खर्च वाचतो. मांडव बांधून बांधून हात सोललेल्या माणसाला ते खालून बघूनच कळलं. पुढचा प्रश्न होता, "ढग आले की बंद ठेवता का?" नाही म्हटलं, या लहरींना ढगांचं काही नाही. "मग बरंय, द्राक्षापेक्षा बरंय."

व्हायवाला (पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेला) पहिल्या स्लाइडवर आमच्या बागेच्या मांडवाचा फोटो लावला होता. परीक्षकांना कळायला जरा वेळ लागला.

कडू कारलं

सगळं गोडगोड चाललंय म्हणून लिहितो. ग्रामीण महाविद्यालयात मराठी शिकवतो. बढतीला गुण हवेत म्हणून एका जर्नलला पैसे भरून तीन लेख छापून घेतले. आठ दिवसांत स्वीकृती, कुणी वाचलं असेल तर शपथ. २०१८ च्या मे महिन्यात यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) आपल्या मान्य जर्नलांच्या यादीतून ४,३०५ जर्नलं काढली, त्यात आमचंही गेलं. ते लेख आज माझ्याच कपाटात उलटे ठेवलेत.

त्यानंतर हट्टानं एकच काम केलं. आईच्या जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या आणि त्यांतल्या नात्यांच्या शब्दांवर लेख लिहिला. दोन वर्षं लागली. ज्या मासिकात आला ते कुठल्याच यादीत नाही, गुण शून्य. छापून आल्यावर आईला वाचून दाखवायला बसलो. "माझंच मला वाचून दावतोस व्हय?" म्हणाली, पण पूर्ण ऐकलं, आणि एका ओवीत मी लावलेला अर्थ चुकीचा आहे हे सांगून उठली. माझ्या लेखाला मिळालेला एकमेव खरा रिव्ह्यू तो. दुरुस्ती अजून छापायची राहिलीय.

चिठ्ठीबहाद्दर

@कडू कारलं, शून्य गुणांच्या क्लबात स्वागत. मी डेक्कन कॉलेजच्या संस्कृत कोशात काही काळ होतो. काम १९४८ ला सुरू, पहिला भाग १९७६ ला. मी होतो तेव्हाही आम्ही 'अ'मध्येच होतो. मुलगी विचारायची, "बाबा, ज्ञ कधी?" एका शब्दाच्या शंभर चिठ्ठ्या टेबलावर पसरायच्या आणि अर्थ शतकाशतकानं कसा सरकत गेला ते बघायचं. घरी येऊन हे कुणाला सांगणार? इथं सांगितलं.

नाशिकचा मास्तर

पदवी नाही, चालेल म्हणालात म्हणून लिहितो. आमच्या देवळालीच्या शाळेत गणितज्ञ द. रा. कापरेकर शिक्षक होते. त्यांनी शोधलेली एक गंमत. चार आकडे घ्या, सगळे सारखे नकोत. ते उतरत्या क्रमानं मांडून होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, उत्तरावर तेच करत राहा, शेवटी ६१७४ येतंच. हे मी दरवर्षी सातवीला करायला देतो. एकदा मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, तीनाचं?" तिनंच काढलं, ४९५. मग दोनाच्या मागे लागली आणि रडकुंडीला आली, कारण तिथं थांबतच नाही: ०९, ८१, ६३, २७, ४५, परत ०९. तिला वाटलं आपलं गणित चुकतंय. मीही आधी कधी करून पाहिलं नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून दीड पानाचं टिपण लिहून शिक्षकांच्या एका अंकाला पाठवलं. छापलं. तिचं नाव आधी, माझं नंतर.

नवा सदस्य

रुमालाच्या ताई, अवांतर आहे, माफ करा. आजोबांच्या ट्रंकेत मोडीचा एक कागद आहे. चुलत्यांचं म्हणणं जमिनीचा आहे. मधला एक शब्द कुणालाच लागत नाही.

धागाकर्ती

अवांतर कसलं! फोटो टाका. फ्लॅश नको, खिडकीपाशी तिरप्या उजेडात काढा, आणि नुसता तो शब्द नको, वरच्या-खालच्या दोन ओळीही येऊ द्या. आणि हो, वेलांटी नीट दिसू दे.