जुने घड्याळ घेण्यापूर्वी झाकण उघडून पाहावे

एक लाख रुपयांत संग्रह सुरू करायचा असेल तर एकच नामांकित स्विस घड्याळ घ्यावे की तीन-चार स्वस्तातली, असे आपण विचारले आहे. माझ्या मते पहिले घड्याळ जुने, चावीचे आणि दुरुस्त होण्याजोगे असावे. १९६१ पूर्वी, पोर्तुगीज अमलात, आपल्या गोव्यात परदेशी माल सहज मिळत असे. त्यामुळे बाजारात शोध घेण्यापूर्वी घरातले आजोबांचे कपाट एकदा अवश्य पाहावे. मात्र आपल्याकडची दमट, खारी हवा घड्याळाची वैरी आहे. वडिलांचे घड्याळ मी म्हापशातील एका कारागिराकडून उघडून घेतले, तेव्हा तबकडी स्वच्छ होती, पण चावीच्या दांड्यावर तांबूस गंज चढला होता आणि झाकणाखालची रबरी कडी डांबरासारखी चिकट झाली होती. उलट, जुन्या घड्याळाची तबकडी अगदी कोरी दिसत असेल तर ती नव्याने रंगवलेली असण्याचा संभव अधिक. एचएमटी कंपनीच्या ‘जनता’ या चावीच्या घड्याळाच्या बाबतीत हे सर्रास आढळते. किंचित पिवळी पडलेली मूळ तबकडी मला केव्हाही अधिक मोलाची वाटते. रकमेचा चौथा हिस्सा साफसफाई आणि तेलपाण्यासाठी राखून ठेवावा, आणि पावसाळ्यात घड्याळे सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवावीत.