‘आधी वर्षभर समुपदेशन, मगच हार्मोन’ ही अट कुणाच्या भल्याची?

कृष्णाकाठ:
काल ‘अजिंक्यतारा’ यांनी लिहिलं की सातारा-सांगलीतल्या ट्रान्स मुलामुलींना वर्षभर समुपदेशन सक्तीचं करावं, त्याशिवाय हार्मोन देऊच नयेत, म्हणजे नंतर पस्तावायची वेळ येणार नाही. राग आला, म्हणून सविस्तर लिहितेय. अठरा पूर्ण झालेल्यांबद्दलच बोलतेय.

हार्मोन किंवा शस्त्रक्रियेआधी मानसोपचारतज्ज्ञानं ‘हरकत नाही’ असं पत्र देणं आणि थेरपी ही दोन वेगळी कामं आहेत. ज्याच्या सहीवर औषध अडलंय त्याच्यापुढं कुणी मोकळं बोलत नाही. ‘लहानपणापासून असंच वाटायचं’ हे पाठ केलेलं सांगतात. शंका, भीती, दारू, उडालेली झोप सगळं लपवतात, कारण एक वाक्य चुकलं की सही लांबते. ज्यासाठी थेरपी हवी तेच दाराबाहेर राहतं. डब्ल्यूपॅथ या ट्रान्स आरोग्यावरच्या जागतिक तज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शिकेच्या आठव्या आवृत्तीत (2022) उपचारांआधी मानसोपचार सक्तीचे करू नयेत असं स्पष्ट आहे. शस्त्रक्रियेलाही एकच पत्र पुरतं म्हटलंय, तरी आपल्याकडं बरेच सर्जन दोन मागतात. मूल्यमापन जरूर करा. संमती समजून दिलीय का, पुढं मूल हवं असेल तर शुक्राणू किंवा बीजं जपून ठेवायचं बोलणं झालंय का, अंगावर काढलेलं नैराश्य आहे का. त्याला वर्ष लागत नाही.

अजिंक्यतारा:
मी मनाचं काढलेलं नाही. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या 2019 च्या कायद्यातल्या 15 व्या कलमात हार्मोन आणि शस्त्रक्रियेच्या आधी नि नंतर समुपदेशन लिहिलेलं आहे. पुण्याला जायचं, वीस मिनिटं बसायचं, पत्र घेऊन संध्याकाळच्या एसटीनं परत, ह्याला तुम्ही मूल्यमापन म्हणता? टेस्टोस्टेरॉननं (ट्रान्स मुलांना देतात ते पुरुषी हार्मोन) फुटलेला आवाज औषध थांबवल्यावर पूर्ववत होत नाही. घरी काय सांगायचं ते मात्र ठरलेलं नसतं.

चारभिंती:
कलम पूर्ण वाचा. समुपदेशनाची सोय सरकारनं करायची, असं आहे ते. जबाबदारी सरकारवर टाकलीय, तुम्ही ती पेशंटच्या गळ्यात बांधताय. आणि ‘समुपदेशन’ म्हटलं की आपल्या भागात काय मिळतं? ‘एकदा लग्न करून बघ, सगळं जाईल.’ ट्रान्स माणसाला असं ‘बदलायचा’ उपचार करणं म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्येच सांगून झालंय. अशा माणसासमोर वर्षभर बसवणार?

मिरज_जंक्शन:
मूळ वाद चालू द्या, पण एक गोष्ट कुणी बोलत नाही. ‘ट्रान्झिशन झेपेना, पोरगं खचलं’ म्हणतात तेव्हा कितीदा दोष इंजेक्शनच्या अंतराचा असतो! 250 मिलिग्रॅमचं टेस्टोस्टेरॉन दर तीन आठवड्यांनी दिलं की पहिल्या आठवड्यात पातळी वर उसळते आणि तिसऱ्यात तळाला जाते. मग चिडचिड, रडू, अंग गळणं, कधी पाळी परत. समोर बसलेला समुपदेशक म्हणतो, ‘मनात द्वंद्व आहे.’ द्वंद्व कसलं, पुढच्या इंजेक्शनच्या दिवशी सकाळी, टोचायच्या आधी रक्त तपासायला द्या. पातळी तळाला असेल तर एंडोक्रिनॉलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर) निम्मा डोस निम्म्या अंतरानं देतात. सोबत हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, बघायचाच. 54 टक्क्यांच्या वर गेला तर डोस उतरवावा लागतो.

अजिंक्यतारा:
सगळं हार्मोनवर ढकलू नका. घरात कुणी ताट वेगळं वाढलं, त्यालाही रक्ततपासणीच सांगणार का?

मिरज_जंक्शन:
ते ओळखायचा साधा उपाय आहे, चिडायचं कारण नाही. वहीत रोज रात्री मनाची स्थिती 0 ते 10 आकड्यात लिहायची, इंजेक्शनची तारीख लाल पेनानं. दोन महिने. दर वेळी शेवटच्या चार-पाच दिवसांत आकडा पडत असेल तर डोस बघा. लग्न, जत्रा, घरी पाहुणे अशा दिवशी पडत असेल तर ते घराचं दुखणं. तिथं थेरपीच लागते, तिथं मी तुमच्या बाजूचा.

सागरेश्वर:
ट्रान्स मुलींचं कोण बोलणार? मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गर्भनिरोधक गोळ्या आणून दिवसाला तीन-तीन घेतात. त्यातलं एथिनिल इस्ट्राडिओल हे कृत्रिम बायकी हार्मोन रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढवतं आणि नेहमीच्या इस्ट्राडिओल तपासणीत नीट दिसतही नाही. पुरुषी हार्मोन दाबणाऱ्या सायप्रोटेरोनची 50 मिलिग्रॅमची अख्खी गोळी रोज घेतात, जिथं 10 मिलिग्रॅम बहुतेकींना पुरतं. त्या गोळीनं नैराश्य येऊ शकतं, हे पाकिटातल्या कागदावर असतं, वाचतं कोण? आणि ‘अजिंक्यतारा’, हे असं का होतं सांगू? सरळ दारात वर्षाची रांग लावली की माणसं मागच्या दारानं जातात.

कृष्णाकाठ:
हेच. आता थेरपीनं खरं काय करावं ते ऐका. आवाज फुटायच्या आत कुणाला कोणत्या क्रमानं सांगायचं त्याची यादी करायची. आधी एक जण, बहुतेकदा बहीण किंवा मावशी, शेवटी वडील. प्रत्येकासाठी एकच वाक्य, दहा शब्दांच्या आतलं, सेशनमध्ये मोठ्यानं म्हणून बघायचं. घरातून काढलं तर रात्री कुठं जायचं ते आधी ठरवायचं. आधार, दहावीचं मार्कलिस्ट, एटीएम कार्ड घराबाहेर कुणाकडं तरी ठेवायचं. आणि तासगावच्या द्राक्षपट्ट्यात सर्वांत आधी विचारायचा प्रश्न: फवारणीचं औषध कुठं ठेवता? ते कुलपात आणि किल्ली दुसऱ्याकडं. एवढं एका भेटीत होतं, जीव वाचतो. रात्री-अपरात्री टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे, मराठीत बोलता येतं.

चारभिंती:
फोनवरच्या सेशनचं पण लिहा. दोन खोल्यांचं घर, पत्र्याची भिंत, पोरगं ‘हो’ आणि ‘नाही’ शिवाय बोलूच शकत नाही. समुपदेशकानं पहिल्या मिनिटाला विचारावं, ‘आजूबाजूला कोण आहे?’ कुणी असेल तर काय म्हणून विषय बदलायचा, तो शब्द आधीच ठरवलेला हवा.

अजिंक्यतारा:
बरं. वर्षाची अट मागं घेतो. रांग लावून गोळ्यांचा काळाबाजार वाढतो, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पण शस्त्रक्रियेनंतरचं सोडणार नाही. इस्ट्रोजेन (बायकी हार्मोन) काही दिवस बंद, दुखणं, झोप नाही, दिवसातून तीनदा डायलेशन (नवा योनीमार्ग आवळू नये म्हणून नळी घालून ठेवणं) आणि घराच्या दाराला आतून कडीसुद्धा नाही. पहिले सहा आठवडे दर आठवड्याला कुणीतरी बोलायलाच हवं. ते ऐच्छिक ठेवलंत तर कुणी येणार नाही.

सागरेश्वर:
येत नाहीत कारण टाके असताना एसटीत बसवत नाही. सहा तारखा शस्त्रक्रियेच्या आधीच घेऊन ठेवायच्या, फोनवरच्या, आणि फोन समुपदेशकानं करायचा.

अजिंक्यतारा:
फोन त्यांनीच करायचा असेल तर मान्य. आणि ती कडी ॲडमिट व्हायच्या आधी बसवून घ्यायची, हे पण यादीत टाका.