मदत हवी आहे: इंजेक्शनशिवाय मेंदूचा रक्तप्रवाह मोजणारा एमआरआय बेळगावात कुठे होतो?

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूरचे. बाबांच्या मानेतली डावी रक्तवाहिनी बरीच अरुंद झालीय. मध्येच उजवा हात लुळा पडतो, हातातला चहाचा कप निसटतो. औषधं चालू आहेत. मेंदूला रक्त किती पोचतंय ते बघायला डॉक्टरांनी परफ्युजन एमआरआय सांगितलाय, पण क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्तचाचणी) वाढल्यामुळे गॅडोलिनियमचं, म्हणजे एमआरआयमध्ये प्रतिमा उठून दिसायला देतात ते, इंजेक्शन नको म्हणाले. म्हणून इंजेक्शन न लागणारी एएसएल (आर्टेरियल स्पिन लेबलिंग) पद्धत.

त्यात मानेतून वर चढणाऱ्या रक्तातल्या पाण्यालाच चुंबकीय खूण करतात, दीड-दोन सेकंद थांबून प्रतिमा घेतात आणि ती खूण नसलेल्या प्रतिमेतून वजा करतात. उरतो तो रक्तप्रवाह. मेंदूच्या निरोगी करड्या भागात (ग्रे मॅटर) 100 ग्रॅमला मिनिटाला साधारण 50-60 मिलिलिटर. वाहिनी अरुंद असली की रक्त उशिरा पोचतं, तेव्हा थांबायची वेळ वाढवावी लागते, नाहीतर प्रवाह आहे त्याहून कमी दिसतो. हे जाणणारा रेडिओलॉजिस्टच हवा.

बेळगाव, कोल्हापूर किंवा हुबळीत कुणी करून घेतलंय का? 3 टेस्लाचं (म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाचं) मशीन असेल तर उत्तम. रिपोर्टमध्ये आकडे देतात का? खर्च किती येतो? बाबांना गाडीत फार वेळ बसवत नाही, बेळगावातच जमलं तर फार बरं होईल.