पालकसभेला कुणी येतच नाही, काय करावं?

डोंगरपट्टा_गुरुजी
धारूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या चौथीपर्यंतच्या शाळेवर यंदाच बदलून आलोय. निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीची. पालकसभेची चिठ्ठी पोरांहाती धाडली, ग्रुपवर मेसेज टाकला. आले कोण, तर अंगणवाडीताई आणि दोन आजोबा, तेही पोषण आहाराच्या तांदळाची चौकशी करायला. दिवाळी झाली की टोळ्या निघतील. मागं राहणाऱ्या पोरांसाठीच्या हंगामी वसतिगृहाची नावं त्याआधी पक्की करायचीत. पालकच भेटत नाहीत तर सुरुवात कुठून करू?

पाटोद्याची_सून
गुरुजी, सभा सकाळी अकराला ठेवली असंल. तवा आम्ही कापसात असतो, रोज बुडवून कोण यील? आमच्याकडं जेवणं उरकल्यावर मारुतीच्या पारावर सभा होती. मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे, लग्नानंतर कोयताही धरलाय, म्हणून सांगते.

वही घेऊन घरोघर अंगठे गोळा करणं आधी बंद करा. बायांना वाटतं सभा म्हंजे अंगठा. कायद्यानं समितीत पाऊण हिस्सा पालक लागतात, निम्म्या बाया लागतात. पण त्यांना विचारतंय कोण? आमच्यात खरं काम निघालं ते वसतिगृहाचं. सैपाक कोण करणार, तेल-डाळ कुठल्या दुकानातून, पोरी रात्री कुणाकडं निजणार. त्या रात्री पार भरला. बाया बोलायला लागल्या त्या थांबंचनात.

दुसरं, तुम्ही दिवाळीवर डोळा ठेवलाय, पण घरात ठरतं ते टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हंजे आगाऊ पैसे, घेताना. कोण जाणार, कोण मागं राहणार, धाकट्याला फडावर कोण धरणार, सगळं तवाच. तुमची सभा त्याच्या आधी पाहिजे, गणपतीच्या आसपास. आणि मुकादमालाही बोलवा. त्याची स्वतःची लेकरं बीडला शिकायला असत्यात. तो चारचौघांत ‘लेकरं मागं ठेवा’ म्हणला की तुमच्या चिठ्ठ्यांपेक्षा जास्त काम होतं.

आणि आजी! हंगामात पालक तीच, पण तिला कुणी चिठ्ठी देत नाही. आम्ही ठरवलं, दिवे लागले की लेकरानं आजीजवळ बसून मोठ्यानं वाचायचं. पुस्तकच पाहिजे असं नाही, लग्नपत्रिका चालती, रेशनची पावती चालती. माझ्या सासूला एक अक्षर येत नाही, पण नातू अडखळला की म्हणती, “तिथं काहीतरी गिळलंस, परत म्हण.” पोरगं मुकाट्यानं परत वाचतंय.

निवृत्त_मुख्याध्यापक_लातूर
ताईंचं बरोबर आहे, फक्त मुकादमाला पारावर बोलवा, समितीत घेऊ नका. ज्याची उचल अंगावर आहे त्याच्यापुढं कोण तोंड उघडणार? पण टोळी कोणत्या कारखान्याला जाणार हे त्याच्याकडून लिहून घ्या. जी मुलं जाणारच आहेत त्यांना तिकडच्या शाळेत शिक्षण चालू ठेवण्यासाठीचं शिक्षण हमी कार्ड द्या. दाखला नाही म्हणून तिकडची शाळा प्रवेश अडवू शकत नाही, हे पालकाला तोंडी समजावून सांगा. कार्ड पेटीच्या तळाशी जातं, सांगितलेलं लक्षात राहतं. आणि तांदळाचं विचारणाऱ्या आजोबांवर वैतागू नका. साठ्याची नोंदवही त्यांच्यापुढं ठेवा, पुढच्या खेपेला आणखी चौघांना घेऊन येतील.

डोंगरपट्टा_गुरुजी
आमच्याकडं उचल वाटून झालीय हो. चौथीतली एक मुलगी, वाचनात वर्गात पहिली, धाकट्या भावाला सांभाळायला जाणार म्हणतेय. भाऊ तीन वर्षांचा. बापाशी बोललो, तो नुसता मान खाली घालून उभा राहिला.

पाटोद्याची_सून
बापाला परत गाठू नका, पैसे त्यानं घेतलेत, तो काय बोलंल? अंगणवाडीताईला संगं घेऊन आजीकडं जा. तीन वर्षांचं पोरगं दिवसा अंगणवाडीत बसलं तर म्हातारी दोघांनाबी ठेवून घेती, तिला धास्ती असती ती दिवसाचीच. तिनं हो म्हणलं की मग आईला विचारा, बाप आपोआप येतो. संध्याकाळी जा, चहा घ्या म्हणतील, नाही म्हणू नका.