अमेरिकेचं 900 अब्जांचं करोना पॅकेज: याला तडजोड म्हणायचं? (फोरमवरची चर्चा, डिसेंबर 2020 ची अखेर)

हडसनकाठ: डॅलसकरांनी काल लिहिलं, ‘दोन्ही पक्ष चार पावलं मागे आले आणि 900 अब्ज डॉलरचं पॅकेज झालं, लोकशाही अशीच चालते.’ वाचून डोकंच फिरलं. मार्चमध्ये केअर्स कायदा, म्हणजे करोनातल्या मदतीचा पहिला मोठा कायदा, सिनेटने 96-0 ने केला. त्यातले बेकारांचे आठवड्याचे जादा 600 डॉलर जुलैअखेर बंद. डेमोक्रॅट पेलोसींच्या हाऊसने (कनिष्ठ सभागृहाने) मे महिन्यातच 3 ट्रिलियनचं बिल पाठवलं होतं, सिनेटमधले रिपब्लिकन नेते मॅकॉनेल यांनी ते मतदानालाच घेतलं नाही. मधले महिने लोकांनी घरभाडं कशातून भरायचं? आता डिसेंबरअखेर आठवड्याला 300 आणि 600 चा एक चेक. उपाशी ठेवून शेवटी अर्धं ताट वाढलं, त्याचं कौतुक कसलं करता?

डॅलसकर: मधले महिने कोरडे नव्हते. ट्रम्पनी फेमाच्या (आपत्ती निवारण संस्थेच्या) निधीतून आठवड्याला 300 दिले होते. ऑक्टोबरमध्ये व्हाइट हाऊस 1.8 ट्रिलियनवर आलं, पेलोसी 2.2 वर अडून बसल्या. मॅकॉनेलना करोनावरून धंदेवाल्यांवर होणारे खटले थांबवायचे होते, डेमोक्रॅट्सना राज्यांना पैसा द्यायचा होता. दोघांनी आपापला हट्ट सोडला तेव्हाच बिल हललं. माझ्या मेहुण्याचं रेस्टॉरंट पीपीपीवर, म्हणजे पगार चालू ठेवायला दिलेल्या सरकारी कर्जावर तगलं. भटारखान्यातला एक माणूस काढावा लागला नाही.

हडसनकाठ: फेमाचे पैसे सहा आठवडे पुरले, तेही सांगा की! आणि ते 1.8 ट्रिलियन मॅकॉनेलच्याच लोकांना जास्त वाटत होते.

कोथरूड_ते_प्लेनो: तुम्ही ट्रिलियनवर भांडताय, आमच्या घरी एक डॉलर आला नाही. नवरा एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर, त्याच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर. मी एच-4 या जोडीदाराच्या व्हिसावर, माझा आयटीआयएन, म्हणजे हा नंबर नसलेल्यांना मिळणारा फक्त करापुरता नंबर. टॅक्स रिटर्न जोडीने भरला म्हणून केअर्समध्ये त्याचे 1200 ही गेले. मुलगी इथली नागरिक, तिचे 500 पण गेले.

परखड: व्हिसावर आलात ना? मग सरकारी मदतीवर हक्क कसला सांगता?

कोथरूड_ते_प्लेनो: नवऱ्याच्या टीममधल्या एच-1बीवरच्या अविवाहित मुलाला 1200 मिळाले. व्हिसा तोच, कर तसाच कापला जातो. मग आमचा गुन्हा काय, लग्न केलं हा? सैन्यातल्या जोडप्यांना यातून सूट होती. म्हणजे कायदा करणाऱ्यांना ही अडचण चांगली माहीत होती. आणि हक्काचं म्हणाल तर ती मुलगी तुमच्याइतकीच अमेरिकन आहे.

परखड: मुलीचं पटलं. बाकीचं नाही.

डॅलसकर: ताई, ज्या कायद्याला इथे शिव्या पडताहेत त्यानेच हे दुरुस्त केलंय. आता जोडीदाराकडे आयटीआयएन असला तरी सोशल सिक्युरिटी नंबर असलेल्याचे आणि मुलीचे 600-600 मिळतील. मार्चचे 1200 आणि 500 सुद्धा 2020 च्या रिटर्नमध्ये मागता येतील. फॉर्म 1040, ओळ 30, रिकव्हरी रिबेट क्रेडिट.

कोथरूड_ते_प्लेनो: हे माहीत नव्हतं. भरते. पण नवऱ्याचा पगार उन्हाळ्यात कापला गेला, भाड्याला पैसे तेव्हा हवे होते. माझा वाटा तर अजूनही शून्यच.

हडसनकाठ: आयटीआयएनची दुरुस्ती चांगली झाली, नाही म्हणत नाही. पण तेवढ्यासाठी अख्ख्या बिलाला चांगलं म्हणणार नाही. राज्यांचा पैसा सोडून दिलाय, आणि 14 मार्च 2021 ला हे 300 सुद्धा संपतात. तेव्हा कोण कुठे अडून बसतं ते इथेच लिहा, डॅलसकर.