ओहायो स्टारची टोके जुळत नाहीत : महेश्वरी लुगड्यांचे क्विल्ट करताना आलेली अडचण

सुईदोरा (इंदूर)

सर्वांना सप्रेम नमस्कार. मी इंदूरला रामबागेत राहते. आजेसासूबाईंची तीन महेश्वरी लुगडी माझ्याकडे आली आहेत. घड्यांवर ती विरली असली तरी अंग आणि काठ अजून चांगले आहेत, म्हणून त्यांतून लेकीसाठी एकेरी पलंगाचे पांघरूण करावे असे मनात आहे. घरात गोधड्या आहेत, त्यामुळे आणखी एक गोधडी नको. आणि परदेशी क्विल्टची हुबेहूब नक्कलही नको. नाइन पॅच (नऊ चौकोनांचा), ओहायो स्टार (चौकोन आणि त्रिकोणांची चांदणी), लॉग केबिन (मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या) असे जुने ब्लॉक, म्हणजे क्विल्टचे नक्षीचे चौकोनी तुकडे घेऊन आजच्या घरात शोभेल असे काही करता येईल का, हा माझा मूळ प्रश्न आहे.

मात्र त्याआधीच गाडी अडली आहे. सरावासाठी साध्या सुती कापडाचे साडेचार इंची नऊ चौकोन जोडून नाइन पॅच केला. तो साडेबारा इंच भरायला हवा होता, पण बाराच भरला. ओहायो स्टारची तर फारच वाईट अवस्था झाली. कोपऱ्यांचे आणि मधला चौकोन साडेचार इंचांचे घेतले आणि त्रिकोणांसाठी सव्वापाच इंचांचे चौकोन दोन्ही कर्णांवर कापले. शिवून झाल्यावर ब्लॉक कडेलगत मोजला तर पावणेबाराच्या जवळपास भरतो, आणि मधोमध मोजला तर साडेअकराही भरत नाही. जणू कोणी चारही बाजूंनी पोटात धरून आत ओढला आहे. चांदणीची काही टोके शिलाईत गडप झाली, तर काही शिलाईपासून लांब राहिली. कापताना मी पट्टी लावूनच कापले होते. मशीन झिगझॅगचे, विजेवर चालणारे आहे आणि शिवताना मशीनच्या फुटाची (कापड दाबून धरणाऱ्या पायाची) कड कापडाच्या कडेला लावून शिवते. चूक नेमकी कुठे होत असावी?

निवृत्त ड्राफ्ट्समन (सुदामानगर, इंदूर)

ताई, आपण मापे इतकी नीट लिहिली आहेत की चूक त्या आकड्यांतच दिसते. माझा शिवणाशी संबंध सौभाग्यवतीच्या मशीनला तेल घालण्यापुरता होता, परंतु निवृत्तीनंतर तिचे ब्लॉक कागदावर आखून देता देता मीही त्यात अडकलो.

नाइन पॅचमध्ये एका दिशेने तीन चौकोन येतात, म्हणजे साडेतेरा इंच कापड. दोन शिलायांत दोन्ही बाजूंची मिळून चार वेळा माया (शिलाईबाहेर आत दुमडले जाणारे कापड) जाते. पाव इंच, म्हणजे दोन सूत माया धरली तर एक इंच जाऊन साडेबारा उरते. आपले बारा उरले, म्हणजे दीड इंच गेला. दीडला चाराने भागले की तीन सूत येतात. थोडक्यात, आपण प्रत्येक शिलाईत दोनऐवजी तीन सूत माया धरत आहात. झिगझॅग मशीनचा फूट रुंद असतो आणि त्याची कड सुईपासून बहुधा तेवढ्याच अंतरावर असते.

नाइन पॅचमध्ये ही चूक लपते, कारण सगळे चौकोन सारखेच आकसतात. ओहायो स्टारमध्ये ती लपत नाही. तिथे साध्या चौकोनात शिलाईच नाही, तो साडेचारचा साडेचारच राहतो. त्रिकोणांच्या चौकोनात मात्र दोन कर्णशिलाया आहेत आणि कर्णावर खाल्लेली माया बाजूच्या मापात जास्त उतरते. दोन सुतांची माया असती तर तो चौकोन साडेचारहून किंचित मोठा भरला असता आणि छाटून नेमका करता आला असता. तीन सुतांच्या मायेने तो सव्वाचारच्याही आत येतो. असा उणा चौकोन आपण साडेचारच्या शेजारी ओढून बसवलात, म्हणून मधली ओळ आखडली आणि टोके भरकटली.

लुगड्यांना हात लावण्यापूर्वी एक चाचणी करावी. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या एकमेकींना जोडाव्यात, इस्त्री करावी आणि मधली पट्टी मोजावी. ती बरोबर एक इंच भरली पाहिजे. नंतर सुईपासून पाव इंचावर मशीनच्या पत्र्याला जाड चिकटपट्टी लावावी आणि फुटाकडे न पाहता त्या पट्टीला कापड टेकवून शिवावे. माया पाव इंचापेक्षा एका धाग्याने कमीच ठेवावी, कारण कापड दुमडताना घडीतही थोडे जाते.

आणखी एक. चौकोन दोन्ही कर्णांवर कापण्यामागे कारण आहे. त्यामुळे सरळ धाग्याची कड ब्लॉकच्या बाहेरच्या बाजूला येते आणि उरेब (धाग्याला तिरप्या) कडा आत राहतात. म्हणून इस्त्री वरून दाबावी, फिरवू नये. उरेब कड इस्त्रीखाली बघता बघता लांबते.

काठपदर (इंदूर)

काकांनी मापाचे सांगितले आहेच, त्यामुळे मी आपल्या मूळ प्रश्नाकडे वळते. ब्लॉक जुना असला तरी तो किती मोठा करायचा, कुठे ठेवायचा आणि भोवती किती जागा मोकळी सोडायची, हे ठरवणारी नजर आजची असू शकते. पलंगभर बारा-बारा इंचांच्या चांदण्या मांडल्या तर ते जुन्या पद्धतीचे क्विल्ट होईल. त्याऐवजी एकच चांदणी छत्तीस इंचांची करा, साठ बाय नव्वदच्या पांघरुणात ती खाली डावीकडे ठेवा आणि उरलेले सगळे अंग एकाच रंगाचे राहू द्या.

आपल्या कापडासाठी हे विशेष सोयीचे आहे. महेश्वरीत ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो, त्यामुळे कापलेली कड सुटते आणि शिवताना निसटते. लहान तुकडे केलेत की निम्मे लुगडे मायेतच जाईल. छत्तीस इंचांच्या चांदणीला साडेबाराचे पाच साधे चौकोन लागतात, आणि त्रिकोणांसाठी सव्वातेराचे चार चौकोन पुरतात : दोन चांदणीच्या रंगाचे, दोन पार्श्वभूमीचे. कापण्यापूर्वी मागून हलके फ्यूजिंग (चिकट अस्तर) इस्त्रीने चिकटवून घ्या. लुगडे आधी खिडकीच्या उजेडासमोर धरून विरलेल्या जागांवर खडूने खूण करा. घडीवरचा भाग चांदणीत चुकूनही जाता कामा नये.

काठाचा मोह सगळ्यांनाच होतो, मलाही झाला होता. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी त्रिकोण काठाचेच कापले. काठावरची चटाई, वीट, हिरा ही नक्षी इतकी ठसठशीत की चांदणी दिसेचना. जुने ब्लॉक रंगापेक्षा उजेड-अंधारावर जास्त उभे असतात. लॉग केबिनचेच पाहा. मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या फिरतात, दोन बाजूंना फिकट आणि दोन बाजूंना गडद. तो फरक पुसला की उरतात नुसत्या पट्ट्या. म्हणून तुकडे जमिनीवर मांडून मोबाइलमध्ये काळापांढरा फोटो काढा. त्यात चांदणी दिसली नाही तर रंग कितीही सुंदर असले तरी ते बदला. काठ मोकळ्या अंगावर एखाद्याच सरळ पट्टीत लावा. महेश्वरीचा बुगडी काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, याचाही उपयोग करता येईल.

पार्श्वभूमीसाठी पॉपलिन घ्या. ब्लाउजचे रुबिया रंगांसाठी आकर्षक वाटते, पण या कामाला ते फार विरळ आहे. क्लॉथ मार्केटात मिळेल. घरी आणल्यावर रात्रभर पाण्यात भिजवून मगच कापा. नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटेल आणि रेशीम आहे तसेच राहील.

धावदोरा (ग्वाल्हेर)

मला या चर्चेत थोडा विरोधी सूर लावायचा आहे. माझ्या आईने आयुष्यात एकदाही सूत मोजले नाही आणि तिच्या गोधड्या तीस वर्षे टिकल्या. अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांनी कामाच्या विरलेल्या कपड्यांतून केलेली क्विल्ट २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात मांडली गेली. त्यांतल्या चौकोनात चौकोन असलेल्या रचना लॉग केबिनच्याच कुळातल्या आहेत, परंतु रेषा हाताच्या अंदाजाने वाकलेल्या आहेत आणि त्यांचे सौंदर्य त्या वाकण्यातच आहे. आपल्याकडे उत्तर कन्नडातील सिद्दी स्त्रिया कवंडी शिवतात. त्या कडेपासून सुरुवात करून तुकडे लावत आणि धावदोरा घालत आत सरकतात. आधी ब्लॉक आणि मग शिवण असा प्रकारच नाही. तेव्हा आधुनिक दिसण्यासाठी टोके जुळलीच पाहिजेत, हे मला पटत नाही.

मोकळ्या जागेविषयी मात्र एक सुचवते. ती मशीनने भरू नका. तिथे गोधडीचा हातधावदोरा घाला, कडेला समांतर, बोटभर अंतराने, कोपऱ्यात वळत आत जाणारा. आत फायबरची फुगीर शीट घातली तर कडेकडून आत येताना मधोमध फुगा धरेल. म्हणूनच क्विल्ट करणारे मधून बाहेर जातात. त्याऐवजी भरण म्हणून जुनी सुती चादर घाला आणि सगळीकडे वीतभर अंतराने कच्चे टाके घालून घ्या, म्हणजे गोधडीची चाल चालेल. इंदूरच्या थंडीला तेवढी ऊब पुरे.

निवृत्त ड्राफ्ट्समन (सुदामानगर, इंदूर)

धावदोराताईंचे म्हणणे मान्य आहे, पण एक फरक लक्षात घ्यावा. अंदाजाने शिवायचे तर तुकडा लावावा, कापावा, पुन्हा लावावा. तिथे अंदाजच माप असतो. ओहायो स्टारचे सगळे तुकडे आधीच कापून ठेवलेले असतात. निम्मे काम मापाने आणि निम्मे अंदाजाने केले, तर ना धड गोधडी होते ना धड चांदणी. कडेकडून आत जाणारा धावदोरा मला आवडला. चांदणीच्या आत मात्र तो नेऊ नये, बाहेरच थांबवावा.

सुईदोरा (इंदूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री तीन पट्ट्यांची चाचणी केली. मधली पट्टी बरोबर पाऊण इंच भरली, म्हणजे काकांचे तीन सूत अगदी खरे निघाले. पत्र्यावर पट्टी लावून पुन्हा शिवली तेव्हा एक इंचाला किंचित कमी आली. आज चिकटपट्टी एका धाग्याने सुईकडे सरकवते.

छत्तीस इंचांची एकच चांदणी करण्याचे ठरवले आहे. तिन्ही लुगडी जमिनीवर पसरून काळापांढरा फोटो काढला, तेव्हा गंमत झाली. मला सर्वांत वेगळे वाटणारे जांभळे आणि हिरवे लुगडे फोटोत एकाच राखाडी रंगाचे दिसले. त्यामुळे चांदणी जांभळ्याची आणि पार्श्वभूमी फिकट मोतिया पॉपलिनची. हिरव्याचा काठ उजवीकडे एका उभ्या पट्टीत लावीन. तिसऱ्याचा पदर मात्र कापवत नाही, तो अखंडच पांघरुणाच्या पाठीला लावते. फक्त एवढेच सांगा, पाठीला रेशमी पदर असेल तर कच्चे टाके वीतभर अंतराने पुरतील, की आणखी जवळ घालू?

धावदोरा (ग्वाल्हेर)

पदराच्या जागेवर चार बोटांवर घाला, बाकी वीतभर पुरे. आणि त्यासाठी बारीक सुई वापरा. गोधडीच्या जाड सुईची भोके रेशमावर कायमची राहतात.